दोन पेन्स आणि आजीची पिग्मी

काल भाचीनं धरून बसवलं आणि 'मेरी पॉपिन्स रिटर्न्स' बघितला एकदाचा. २०१८ चा पिक्चर, इतकी वर्षं मुद्दाम टाळला होता, कारण १९६४ चा पहिला 'मेरी पॉपिन्स', म्हणजे पोरं सांभाळायला आलेल्या जादूच्या बाईचा पिक्चर, आमच्या घरात घरच्या माणसासारखा आहे, आणि घरच्या माणसाचा पार्ट टू कोण काढतंय का?

पहिला आम्ही बेळगावच्या वडगावातल्या जुन्या घरात बघितला, व्हीसीआर भाड्यानं आणून. गल्लीतली निम्मी पोरं आमच्या सोप्यात, बाहेर विणकरांच्या मागांचा खडखडाट चालू, त्यात इंग्लिश कुणाला कळतंय! आजी कोपऱ्यात बसून कांड्या भरत होती. तिला फक्त छत्री घेऊन उडणारी बाई आवडली होती, बाकी लक्ष नव्हतं. पण तो बँकेचा सीन आला ना, पोराच्या हातात दोन पेन्स, म्हणजे इंग्लंडातली चिल्लर असते, त्याला ते दाणे विकणाऱ्या बाईकडनं पाखरांना दाणे घालायला पाहिजे असतात, आणि बँकेतला म्हातारा ते हिसकावून म्हणतोय गुंतव गुंतव, पोरगं ओरडतंय माझे पैसे द्या, ते ऐकून बाकीच्या गिऱ्हाइकांना वाटतं बँक बुडाली आणि सगळे आपापले पैसे काढायला धावतात... तिथं आजीचा हात थांबला. म्हणाली, "बरोबर बोलतंय पोर. आत्ताच काढून घे म्हणावं."

कारण आदल्याच वर्षी तिची पिग्मी बुडाली होती. पिग्मी म्हणजे काय ते आपल्या भागात सांगायला नको, १९२८ ला उडुपीकडच्या सिंडिकेट बँकेनं सुरू केलेली, रोज दारात येऊन थोडे थोडे पैसे जमा करून घ्यायची ती पद्धत पुढं इकडं गल्लोगल्लीच्या पतसंस्थांनी उचलली. आजी रोज दोन रुपये भरायची. संध्याकाळी सायकलवरनं माणूस यायचा, लाल पासबुकात आकडा लिहून सही करून जायचा. मग एक दिवस यायचा बंद झाला आणि ऑफिसला कुलूप. नाव घेत नाही, ती संस्थाही राहिली नाही आणि ती माणसंही.

असो. आता सिक्वेलचं. खोटं कशाला बोला, पिक्चर वाईट नाही. एमिली ब्लंटनं पहिल्यातल्या ज्युली अँड्र्यूजची नक्कल केलेली नाही, जरा जास्त ठसक्यातली, आरशात स्वतःलाच बघून खूश होणारी बाई केलीय, मला आवडली. हातानं काढलेलं जुन्या पद्धतीचं कार्टून मधे घातलंय ते तर फारच गोड. आणि डिक व्हॅन डाइक! नव्वदी ओलांडलेला माणूस टेबलावर चढून नाचतोय, मी एकटीच टाळ्या वाजवल्या. पहिल्यात मेरीचा दोस्त बर्ट तोच होता आणि बँकेतला तो खडूस म्हातारा पण मेकअप करून तोच होता, यात त्या म्हाताऱ्याचा मुलगा झालाय.

पण गाण्यांचं काय करायचं? पहिल्याची गाणी करणाऱ्या शर्मन बंधूंची जुनी गाणी घेतली नाहीत, ठीक आहे, पण मग साचा तरी सोडायचा की ओ! तिथं धुरांडी साफ करणाऱ्यांचा नाच तर इथं गॅसचे दिवे लावणाऱ्यांचा, तिथं हसता हसता छताला लागणारा मामा तर इथं उलट्या घरातली मेरिल स्ट्रीप, तिथं शेवटी पतंग तर इथं फुगे. म्हणजे गाळलेल्या जागा भरा. संगीत नाटक उभं करणारे अण्णासाहेब किर्लोस्कर आपल्याच बेळगाव जिल्ह्यातले, गुर्लहोसूरचे, १८८० ला शाकुंतल आणलं त्यांनी. तेव्हापासून आपल्याकडं पद तेच राहतंय, गळा नवा येतोय, आणि लोक त्याच पदाला वन्स मोअर देतात. 'सौभद्र'चा पार्ट टू काढून त्याच मापाची दुसरी पदं कुणी शिवून आणली असती तर पहिल्या अंकातच चहाच्या टपरीवर गर्दी झाली असती. पहिल्याला ५ ऑस्कर मिळाले, याला ४ नामांकनं आणि हातात भोपळा, त्यात मला तरी आश्चर्य वाटलं नाही.

हे पण चाललं असतं. माझं डोकं फिरलं ते शेवटी. पहिल्यातलं ते पोरगं मोठं झालंय, बायको वारलीय, कर्जापायी घर जायची वेळ आलीय. आणि मग कळतं की लहानपणीचे ते दोन पेन्स बापानं बँकेला दिले होते, बँकेनं ते इतके वाढवले की कर्ज फिटलं, घर वाचलं! अहो, मग पहिला पिक्चर कशासाठी होता? त्यात बाप नोकरीवरनं निघतो, दोन पेन्स त्या म्हाताऱ्याच्या हातावर ठेवून एक फालतू जोक सांगतो आणि घरी येऊन पोरांचा फाटका पतंग चिकटवतो. पाखरवाली बाई बरोबर होती, बँकवाला चूक होता. चोपन्न वर्षांनी सिक्वेल सांगतोय की नाही नाही, बँकवालाच बरोबर होता, व्याज बघा किती झालं. मला सारखं लाल पासबुक दिसत होतं. ते अजून ट्रंकेत आहे, शेवटच्या सहीखालची पानं कोरी.

हे सगळं मी भाचीला तावातावानं सांगत होते. ती म्हणाली, "आत्या, तू पैशाचंच धरून बसूलीस. त्या पोरांची आई मेलीय, ते गाणं नाही ऐकलंस?" ऐकलं होतं. हरवलेल्या गोष्टी कुठं जातात त्याचं अंगाईसारखं गाणं आहे ते, तेव्हा मी पाणी प्यायला म्हणून आत उठून गेले होते. तेवढं एक गाणं साच्यातलं असलं तरी पहिल्याच्या तोडीचं आहे, मानलं.

रविवारी तिला जुना दाखवणार आहे. तिची अट एकच, मधेमधे पॉज करून आजीच्या गोष्टी सांगायच्या नाहीत. बघू, बँकेचा सीन येईपर्यंत तरी गप्प बसेन.