रस्ता म्हणजे नळ नव्हे

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर आठवडाभर एकच फॉरवर्ड फिरतोय. त्याचा सारांश असा: शहरातून जाणाऱ्या महामार्गाचं बुलेव्हार्ड करणं, म्हणजे गाड्यांच्या लेन कमी करून झाडांच्या रांगा, रुंद पदपथ आणि सायकलला जागा देणं, हे करदात्यांच्या पैशाने कोंडी विकत घेणं आहे. लेन कमी केल्या की उरलेल्या गाड्या गल्लीबोळांत घुसणार. दक्षिण कोरियातल्या सोलला महामार्ग पाडणं जमलं, कारण तिथे शिस्त आहे. आपल्याकडे सायकल चालवतो कोण? दुकानदार बुडतील, अँब्युलन्स अडकेल आणि नवे पदपथ पथारीवाले बळकावतील.

पिंपरी-चिंचवडमधल्या आमच्या निगडी-दापोडी रस्त्यावर रोज ताटकळणाऱ्याला हे पटकन पटतं. मलाही पहिल्यांदा वाचताना पटलं होतं.

सगळ्या मेसेजचा पाया एकच आहे: रस्ता म्हणजे नळ, बारीक केला की पाणी तुंबणार. पण पाण्याला घरी बसता येत नाही, मेट्रो पकडता येत नाही, अर्धा तास उशिरा निघता येत नाही. माणसाला येतं. 2002 मध्ये ब्रिटिश संशोधकांनी 11 देशांतली सत्तरच्या वर उदाहरणं तपासली, जिथे गाड्यांची जागा काढून बस, सायकल किंवा पादचाऱ्यांना दिली होती. त्यांपैकी निम्म्या ठिकाणी एकूण वाहनं 11 टक्क्यांहून जास्त कमी झाली होती. हा हिशेब आजूबाजूचे रस्ते धरून आहे. म्हणजे काही गाड्या गल्लीत गेल्या, पण सगळ्या गेल्या नाहीत. सगळीकडे घट सारखी झाली असंही नाही. जिथे दुसरी सोय होती तिथे जास्त. उलटा प्रयोग तर आपण घरच्या घरी केलाय. नव्वदच्या दशकाच्या अखेरीपासून मुंबईत पन्नासच्या आसपास उड्डाणपूल उभे राहिले. त्यांनी कोंडी संपली का, हे सायनला राहणाऱ्या कुठल्याही नातेवाइकाला फोन करून विचारा.

शिवाय शहरातल्या रस्त्यावरून किती गाड्या जातील, ते लेन मोजून ठरत नाही, सिग्नलला ठरतं. चौकात हिरवा दिवा अर्धाच वेळ मिळत असेल, तर अलीकडे आणखी एक लेन ओतून काय होणार? रांग रुंद होईल.

आता सोल. शहराच्या मधून वाहणारा छंग्येछन हा ओढा 1958 पासून झाकत नेला, वर रस्ता केला आणि त्याच्याही वर उन्नत महामार्ग बांधला. दोन्ही मिळून दिवसाला सुमारे 1,68,000 वाहनं. 1 जुलै 2003 ला पाडकाम सुरू झालं आणि 2005 च्या शरदात सुमारे 5.8 किलोमीटरचा ओढा लोकांसाठी खुला झाला. दोन्ही काठांवर गाड्यांना फक्त दोन-दोन लेन उरल्या. हे करणारा महापौर ली म्युंग-बाक काही झाडांना मिठ्या मारणारा नव्हता, बांधकाम कंपनीच्या प्रमुखपदावरून राजकारणात आलेला गृहस्थ. आणि 'शिस्त' म्हणाल, तर फॉरवर्ड लिहिणाऱ्याने एक तारीख गाळली आहे: 1 जुलै 2004. त्या दिवशी सोलने अख्खी बससेवा एका फटक्यात बदलली. रस्त्याच्या मधोमध बसची वेगळी मार्गिका, रंगांनुसार मार्ग, बस आणि मेट्रोला एकच कार्ड. पहिले काही दिवस इतका गोंधळ झाला की महापौरांना जाहीर माफी मागावी लागली. हीच ती शिस्त.

दुकानदारांची भीती खोटी नाही, पण तिचा शेवट फॉरवर्डमध्ये नाही. सॅन फ्रान्सिस्कोत बंदराकाठी दुमजली एम्बार्काडेरो फ्रीवे, म्हणजे सिग्नल नसलेला महामार्ग, होता. 1986 मध्ये मतदारांनी तो पाडायला चक्क नकार दिला. 17 ऑक्टोबर 1989 च्या भूकंपात तो खिळखिळा झाला, तेव्हाही 'गिऱ्हाईक तुटेल' म्हणून चायनाटाउनच्या व्यापाऱ्यांनी पाडकामाला विरोध केला. महापौर आर्ट ॲग्नोस यांनी 1991 मध्ये तो पाडला आणि त्याच वर्षी निवडणूक हरले. आज तिथे ताडांची रांग, ट्राम आणि रुंद पदपथ आहे. फ्रीवेमागे दडलेली 1898 ची फेरी बिल्डिंग 2003 पासून बाजारपेठ म्हणून भरते. त्याच शहरात दुसऱ्या एका फ्रीवेच्या जागी केलेल्या ऑक्टेव्हिया बुलेव्हार्डवर मात्र आजही गर्दीच्या वेळी गाड्या खोळंबतात, कारण उरलेल्या फ्रीवेचं तोंड थेट तिथेच उघडतं. तेही सांगायला हवं.

ऑक्टेव्हियाची रचना पाहिली की मला आपलाच रस्ता आठवतो. मधल्या चार लेन सरळ जाणाऱ्यांसाठी, दोन्ही कडांना झाडांच्या पट्ट्या, त्यापलीकडे स्थानिकांसाठी एकेक संथ लेन. निगडी-दापोडीला मधला रस्ता वेगळा आणि सर्व्हिस रोड वेगळा आहेच. नाहीत त्या झाडांच्या सलग रांगा, सर्व्हिस रोडचा कमी वेग आणि जमिनीवरून ओलांडायची जागा. हा रस्ता जुना मुंबई-पुणे महामार्ग म्हणून घडला. 2002 मध्ये एक्स्प्रेसवे पूर्ण झाला, कात्रज-देहूरोड बायपास आला, लांबची वाहतूक बाहेरून जाऊ लागली. रस्त्याचं काम बदललं, अंगरखा तोच राहिला. वल्लभनगर एसटी स्टँडवर उतरलेल्या आजींना पलीकडे जायचं तर अजूनही महामार्गच ओलांडायचा आहे. 2022 मध्ये देशात रस्त्यांवर 32,825 पादचारी मेले. या रस्त्याची फेररचना त्यांच्यापासून सुरू व्हायला हवी, सायकलपासून नव्हे.

सायकल चालवतो कोण? पिंपरीच्या कारखान्यांची शिफ्ट सुटताना सायकलींचा लोंढा ज्यांनी पाहिलाय, ते हा प्रश्न विचारणार नाहीत. लोकांनी सायकल सोडली ती आवड संपली म्हणून नाही, मागून येणाऱ्या डंपरच्या भीतीने.

अँब्युलन्स आज सहा लेनमध्येही अडकते. बसची मोकळी मार्गिका तिला खुली ठेवली तर निदान एक वाट उरते.

राहिले पथारीवाले. इथे काळजी मलाही आहे, पण उलट्या बाजूने: पथारीवाल्यांची. छंग्येछनचे फेरीवाले जुन्या दोंगदेमुन स्टेडियममध्ये हलवले आणि काही वर्षांतच ते स्टेडियमही पाडलं, म्हणजे माणसं दोनदा उठवली. पर्यटकांच्या फोटोंत ती दिसत नाहीत.  आपल्या रस्त्याच्या आराखड्यात पथारीवाल्यांची जागा आधीच आखली नाही, तर ते पदपथावरच बसणार, कारण गिऱ्हाईक तिथूनच चालतं. रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसच्या (आयआरसी) नियमाप्रमाणे पदपथावर चालायला किमान 1.8 मीटर मोकळी जागा लागते. तेव्हा हरकती मागवल्या जातील त्या दिवशी नकाशात दोनच गोष्टी बघा: ही 1.8 मीटर सोडून पथारीची पट्टी वेगळी दाखवली आहे का, आणि ती कुठल्या चौकात संपते.