डेकच्या खालचा कोबा आधी पाहावा
टेरेसवर किंवा बागेत लाकडी डेक, म्हणजे फळ्यांची जमीन, केल्याने घराची किंमत वाढते, हे एका लेखात वाचलेले विधान मला अर्धेच पटते. डेकमुळे घर चटकन नजरेत भरते आणि गिऱ्हाईक लवकर मिळू शकते, हे खरे. पण त्यावरचा खर्च जसाच्या तसा वसूल होईल असे गृहीत धरू नये. २०१६च्या रेरा या स्थावर मालमत्ता कायद्यातील चटई क्षेत्राच्या (कार्पेट एरिया) व्याख्येत बाल्कनी आणि खुली गच्ची मुळातच धरलेली नाही, त्यामुळे गच्चीवरच्या डेकने घराचे चटई क्षेत्र वाढत नाही.

पुणे-लोणावळा पट्ट्यातील टेरेस फ्लॅटबाबत खरी काळजी पावसाची आहे. फळ्या कायमच्या ठोकून टाकल्या की खाली पालापाचोळा साचतो, पावसाळी पाइपच्या तोंडावरची जाळी तुंबते, पाणी कोब्यावर, म्हणजे गच्चीच्या सिमेंटच्या थरावर, दिवसेंदिवस उभे राहते आणि शेवटी खालच्या मजल्याच्या छताला ओल येते. असा डेक जाणकार खरेदीदाराला उखडण्याचा खर्च म्हणूनच दिसतो, आणि त्यात त्याचे काही चुकत नाही. म्हणून पुनर्विक्रीच्या आशेने डेक करणाऱ्यांनी तेच पैसे आधी वॉटरप्रूफिंगवर घालावेत, गच्चीत पाणी साठवून गळतीची चाचणी घ्यावी, आणि मग फळ्या बसवताना दोन फळ्यांत चार-पाच मिलिमीटरची फट व जाळीवर सहज उचलता येईल असा तुकडा ठेवावा. हलक्या प्रतीच्या लाकडाला वाळवी लागते. डब्ल्यूपीसीला, म्हणजे लाकडाचा भुसा आणि प्लॅस्टिक यांच्या मिश्रणाच्या फळ्यांना, ती सहसा लागत नाही, मात्र एप्रिलच्या दुपारी त्यावर अनवाणी उभे राहवत नाही, हेही विक्रेत्याने आधी सांगायला हवे.