मेनूकार्डावर एवढी एक ओळ वाढवा

घोडबंदर रोडपासून नौपाड्यापर्यंत ठाण्यातल्या कुठल्याही हॉटेलात बसा, पनीरच्या भाज्यांनी मेनूकार्डाचं अख्खं पान भरलेलं असतं. त्यातलं कुठलं पनीर दुधाचं आणि कुठलं तेलाचं, हे गिऱ्हाइकाला कळायला आज काहीच मार्ग नाही. पोळी-भाजी केंद्र चालवते, त्यामुळे हा माल रोज हातात असतो. म्हणून हे लिहितेय, आणि जरा सविस्तर लिहितेय.

आधी एक स्पष्ट करते. वनस्पतीजन्य पदार्थांना माझा अजिबात विरोध नाही. माझ्या भाचीने प्राण्यांचं दूध पूर्ण सोडलंय. ती शेंगदाणे रात्रभर भिजवते, वाटून गाळते, ते दूध उकळून कोमट करते आणि त्यात हिरव्या मिरच्यांचे देठ टाकून दही लावते. सकाळी घट्ट लागलेलं असतं. त्याचा मठ्ठा आमच्या घरात सगळे आवडीने पितात. ती तो ओळखीच्या लोकांना विकतेही आणि बाटलीवर मोठ्या अक्षरात ‘शेंगदाण्याचा मठ्ठा’ लिहिते. ज्याला हवा तो घेतो. ज्याला शेंगदाणे चालत नाहीत, तो वाचूनच बाजूला होतो.

आता हॉटेलातल्या पनीरकडे येऊ. कायद्यानुसार पनीर गायीच्या किंवा म्हशीच्या दुधाचंच असतं. पाणी 60 टक्क्यांपेक्षा जास्त चालत नाही आणि सुक्या भागात निम्मा तरी दुधाचा स्निग्धांश लागतो. ॲनालॉग पनीर म्हणजे साधारणपणे स्किम मिल्क पावडर (साय काढलेल्या दुधाची), पाम किंवा दुसरं वनस्पती तेल, तेल-पाणी एकजीव ठेवणारा इमल्सिफायर आणि पुष्कळदा स्टार्च. दिसायला तेच, ग्रेव्हीत पडलं की चवीलाही जवळपास तेच. हे बनवणं आणि विकणं बेकायदा नाही, तेव्हा सरसकट ‘भेसळ, विष’ म्हणून जे व्हिडिओ फिरतात ते मला पटत नाहीत. माझा आक्षेप ते पनीर म्हणून वाढण्याला आहे.

आणि त्यात दुधाची पावडर असते, हे लक्षात घ्या. म्हणजे ज्याला दुधाचं पनीर हवंय त्याच्या ताटात पाम तेल येतं, आणि ज्याने दूध सोडलंय त्याच्यासाठीही ते नाहीच. दोघांनाही नीट सांगितलं पाहिजे, आणि सांगितलं जात नाही एकालाही.

मी ज्यांच्याकडून माल घेते ते होलसेलवाले काका सरळ विचारतात, “ताई, दुधाचं देऊ की ॲनालॉग?” दोघांचे भाव वेगळे, पुडे वेगळे. ॲनालॉगच्या पुड्यावर तसं छापलेलं असतं, भले बारीक अक्षरात का असेना. म्हणजे कारखान्यापासून होलसेलच्या दुकानापर्यंत सगळ्यांना माहीत असतं की हे काय आहे. मग तो पुडा हॉटेलच्या स्वयंपाकघरात फुटतो, वेष्टन कचऱ्याच्या डब्यात जातं आणि बाहेर टेबलावर येताना त्याचं ‘पनीर बटर मसाला’ होतं. लेबलाचा सगळा कायदा त्या कचऱ्याच्या डब्यात संपतो. खरा घोळ इथे आहे, आणि आपण मात्र पाकिटावरच्या अक्षरांवर वाद घालत बसतो.

2021 मध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणाने ऑनलाइन विक्रेत्यांना सांगितलं की सोया, बदाम, ओट्सची पेयं ‘मिल्क’ म्हणून विकू नका. युरोपच्या न्यायालयानेही 2017 मध्ये तसाच निकाल दिला होता. नारळाच्या दुधाला सूट आहे, त्यामुळे आपली सोलकढी वाचली. पण मला विचाराल तर ‘सोया मिल्क’ वाचून आजवर कोणी फसलं असेल असं वाटत नाही. सोया हा शब्द समोरच असतो. जो उघडपणे सांगतो त्याच्यावर एवढी कडक नजर आणि जो काहीच सांगत नाही तो मोकळा, हे मला उफराटं वाटतं.

बरं, कायद्यात तरतूद नाही असंही नाही. 2006 च्या अन्न सुरक्षा कायद्यात एक पदार्थ दुसऱ्याच्या नावाने विकणं हे ‘मिसब्रँडिंग’ आहे आणि त्याला 3 लाखांपर्यंत दंड आहे. मार्च 2025 मध्ये आमदार विक्रम पाचपुते यांनी विधानसभेत हा विषय मांडला, तेव्हा काही दिवस बातम्या झाल्या. त्यानंतर माझ्या आसपासच्या एकाही मेनूकार्डावर मला काही बदललेलं दिसलं नाही.

घरी ओळखायच्या युक्त्या लोक विचारतात. आयोडीनचा थेंब टाकून निळं झालं तर त्यात स्टार्च आहे, एवढंच कळतं. स्टार्च न घालता बनवलेलं ॲनालॉग त्या परीक्षेत आरामात पास होतं. हाताने दाबून, वास घेऊन मला बऱ्यापैकी अंदाज येतो, पण तो कच्च्या तुकड्याचा. मसाल्यात शिजलेल्या तुकड्याचं मीही सांगू शकणार नाही. मग ऑफिसमधून थकून आलेल्या माणसाने काय टेबलावर बसून प्रयोग करायचे?

आपल्याच देशात याला एक फार चांगलं उत्तर शोधलं गेलं होतं. वनस्पती तूप आलं तेव्हा ते साजूक तुपात मिसळलं जाईल ही भीती होती. म्हणून वनस्पती तुपात किमान 5 टक्के तिळाचं तेल घालण्याची सक्ती केली गेली. तिळाच्या तेलाचा गुण असा की हायड्रोक्लोरिक आम्ल आणि फरफ्युरल ही रसायनं घातली की गुलाबी-लाल रंग येतो. साजूक तुपाला तो रंग आला की चोरी उघडी पडली. पदार्थावर बंदी नाही, पण त्याला लपता येणार नाही अशी सोय. ॲनालॉग पनीरमध्येही अशी एखादी निरुपद्रवी खूण सक्तीची करायला काय हरकत आहे? शिजवल्यावरही सापडेल अशी. हे तज्ज्ञांनी मनावर घ्यावं, अशी माझी फार इच्छा आहे.

‘दुधाचं पनीर परवडत नाही, गरिबांनी खायचं तरी काय?’ हा प्रश्न मला धंद्यातलेच लोक विचारतात, आणि तो रास्त आहे. एक किलो पनीरला म्हशीचं दूध पाच लिटर तरी लागतं. दुधाचा आजचा भाव धरा आणि हिशोब करा, स्वस्तातल्या थाळीत ते बसतच नाही. मग ॲनालॉग घाला, तसं लिहा आणि भाव त्याप्रमाणे लावा. शंभर रुपयांच्या थाळीत ते घालणाऱ्यावर माझा राग नाही. एका भाजीला साडेतीनशे रुपये घेऊन तेच घालणाऱ्यावर आहे. तिथे स्वस्त मालाचा फायदा गरिबाला होतच नाही, तो गल्ल्यात जातो.

आणि दुसऱ्या टोकाला दूध उत्पादक आहे. 2024 मध्ये गायीच्या दुधाचा भाव इतका पडला की राज्य सरकारला लिटरमागे 5 रुपये अनुदान जाहीर करावं लागलं. माझं माहेर नगरकडचं, गोठ्यातला हिशोब मी लहानपणापासून पाहिलाय. भाव पडायला कारणं अनेक असतात, सगळं खापर ॲनालॉगवर फोडणार नाही. पण पनीरच्या नावाने जेव्हा तेल विकलं जातं, तेव्हा तेवढ्या दुधाची मागणी बाजारातून गुपचूप नाहीशी होते. उघड स्पर्धेत हरलात तर वेगळं. इथे तर स्पर्धा आहे हेच कोणाला सांगितलेलं नाही.

आइस्क्रीमच्या बाबतीत, ते दुधाच्या स्निग्धांशाऐवजी वनस्पती तेलाचं असेल तर निदान पाकिटावर ‘फ्रोझन डेझर्ट’ लिहावं लागतं, वाचणारा वाचतो. खव्याचं तर विचारूच नका, गणपती-दिवाळीच्या आधी दरवर्षी छापे पडतात आणि सण झाला की सगळं शांत.

माझ्या केंद्राच्या फळ्यावर मी भाजीच्या पुढे ‘दुधाचं पनीर’ किंवा ‘टोफू’ (म्हणजे सोयाच्या दुधाचं) असं लिहिते. परवडत नाही त्या दिवशी पनीरची भाजी करतच नाही, मटार-बटाटा करते. सुरुवातीला लोकांना वाटलं एवढं काय लिहायचं. आता नवीन आलेलं गिऱ्हाईक आधी फळा वाचतं.

अन्न व औषध प्रशासनाकडे मी लेखी मागणी करतेय. मेनूकार्डावर भाजीच्या नावासमोर, त्याच अक्षरांच्या मापात, ‘दुधाचं’ की ‘ॲनालॉग’ हे लिहिणं सगळ्या हॉटेलांना सक्तीचं करा. फक्त मोठ्या साखळ्यांना नाही, कोपऱ्यावरच्या चायनीज गाडीलासुद्धा. मसुदा तयार आहे. ठाणे, कळवा, ऐरोली, वाशी, नेरूळ इथल्या ज्यांना सही करायची असेल त्यांनी मेसेज करा. आणि तुमच्या भागातलं एखादं हॉटेल आधीपासूनच हे स्पष्ट लिहीत असेल, तर त्याचं नाव कॉमेंटमध्ये जरूर टाका. पुढच्या रविवारी मी तिथेच जेवायला जाईन.