बीएसएफच्या कुत्र्यांना नशेची सवय लावतात? नाही हो!

ग्वाल्हेरच्या आपल्या मराठी ग्रुप्सवर मेसेज फिरतोय की टेकनपूरला, म्हणजे ग्वाल्हेरजवळच्या बीएसएफच्या श्वान प्रशिक्षण केंद्रात, कुत्र्यांना आधी अफू-गांजाची सवय लावतात आणि मग तलफ आली की ते माल शोधतात. साफ खोटं आहे हे, कृपया पुढे पाठवू नका. ड्रग्ज पोटात गेले तर कुत्र्याच्या जिवावर बेततं, काम कुठलं करणार तो!

खरं म्हणजे त्याला फक्त वास ओळखायला शिकवतात, वास सापडला की लगेच आवडता बॉल, खेळ, कौतुक, म्हणजे त्याच्या लेखी हा सगळा खेळच असतो. आणि टेकनपूरच्या नॅशनल ट्रेनिंग सेंटर फॉर डॉग्समध्ये हँडलरही (कुत्र्याला सांभाळणारा जवान) सोबतच शिकतो, शेपटी थांबली, श्वास बदलला, मान वळली, अशा वास लागल्याच्या खुणा त्याला टिपता आल्या पाहिजेत, कारण शाबासकीला उशीर झाला तर कुत्र्याला कळतच नाही ती कशाबद्दल मिळाली.