देव न मानणाऱ्याचीही जखम भरते

डंजन्स अँड ड्रॅगन्स, म्हणजे टेबलाभोवती बसून एकेक पात्र होऊन गोष्ट खेळायचा खेळ, तो खेळणाऱ्यांमध्ये सध्या एक मेसेज फिरतोय. 'दैवी जादू फक्त देव मानणाऱ्यांवर चालते. नास्तिक पात्राला क्लेरिक (देवाकडून जादू मिळालेला पुजारी) बरं करू शकत नाही, दैवी स्पेलने (मंत्राने) त्याला इजा होत नाही, आणि मेल्यावर देव त्याला परत पाठवत नाही.' मी दुर्लक्ष केलं होतं. पण परवा हाच मेसेज दाखवून माझ्या धाकट्या बहिणीची फायटर, म्हणजे तिचं लढवय्या पात्र, मारली. फायटर शून्य हिट पॉइंटवर, म्हणजे जीव संपत आलेली, पडलेली, क्लेरिकने शेजारी बसून क्युअर वूंड्स हे जखमा भरणारं स्पेल टाकलेलं, आणि डीएम (डंजन मास्टर, खेळ चालवणारा) म्हणतो, 'ही कुठल्याच देवाला मानत नाही. काही होत नाही.' बहिणीचं पहिलंच पात्र होतं. कॅरेक्टर शीट, म्हणजे पात्राची माहिती लिहिलेला कागद, फाडायला निघाली होती.

म्हणून आधी जखमांचंच बोलतो. प्लेअर्स हँडबुक या नियमपुस्तकाच्या २०१४ च्या आवृत्तीत क्युअर वूंड्सचं वर्णन जेमतेम दोन-तीन ओळींचं आहे. ज्याला स्पर्श कराल त्याला १डी८ (आठ बाजूंच्या एका फाशावर पडेल तो आकडा) अधिक तुमचा मॉडिफायर (पात्राच्या क्षमतेचा वाढीव आकडा) इतके हिट पॉइंट मिळतात. अनडेड (मेल्यावरही हिंडणारे) आणि कन्स्ट्रक्ट (जादूने घडवलेले पुतळे वगैरे) यांच्यावर परिणाम होत नाही. संपलं. अपवाद लिहायला बसल्यावर त्यांनी हे दोनच लिहिले, आणि २०२४ च्या पुस्तकात तर तेही काढून टाकले. 'नास्तिक' कुठून आला? श्रद्धा लागते ती स्पेल टाकणाऱ्याची. देवाने शक्ती क्लेरिकला दिली. ती कुणासाठी वापरायची हे क्लेरिक ठरवतो. देवाला ते रुचलं नाही तर तो क्लेरिकला जाब विचारेल. जखमी घोडा कुठल्या देवाचा भक्त असतो? तान्हं मूल? त्यांना बरं करताना कुणी हे विचारत नाही. मग शीटवर देवाच्या नावाची जागा कोरी आहे म्हणून एक बाई रक्त वाहून मरू द्यायची?

इजेचा मुद्दा दोन वाक्यांत संपतो. सेक्रेड फ्लेम हे क्लेरिकचं इजा करणारं स्पेल चुकवायला डेक्स्टेरिटी सेव्ह लागतो, म्हणजे चपळाई, अश्रद्धा नाही. खेळाच्या जुन्या ३.५ आवृत्तीत 'डिसबिलीफ' (अविश्वास) हा शब्द होता खरा, पण तो भ्रमाच्या स्पेलसाठी. तो इथे कुणीतरी उगाच आणून चिकटवलाय.

मेल्यानंतरच्या गोष्टीत थोडं तथ्य आहे, ते नाइलाजाने मान्य करतो. फरगॉटन रेल्म्स या खेळातल्या एका जगात, निदान २०२० च्या आधीच्या पुस्तकांप्रमाणे, कुणालाच न मानणाऱ्या आत्म्यांना भिंतीत चिणत, आणि मेलेल्याला उठवणाऱ्या रेझ डेड या स्पेलसाठी आत्मा मोकळा आणि राजी असावा लागतो. भिंतीत अडकलेला आत्मा मोकळा नाही, कबूल. पण ती एका जगाची गोष्ट झाली. एबेरॉन या दुसऱ्या जगात आस्तिक-नास्तिक सगळेच मेल्यावर मृतांच्या लोकात, म्हणजे डोलुर्‍हला जातात. शिवाय डीएमसाठीच्या २०१४ च्या डंजन मास्टर्स गाइडमध्ये स्पष्ट लिहिलंय की आपल्याला उठवणाऱ्याचं नाव, अलाइनमेंट (भला की दुष्ट असा कल) आणि देव आत्म्याला कळतो, आणि त्यावरून तो यायला नकार देऊ शकतो. नकाराचा हक्क मेलेल्याचा आहे! मेसेजने तो उचलून देवाच्या हातात दिला.

डीएमला आपल्या टेबलावर वेगळा नियम हवा असेल तर जरूर ठेवावा, पण पात्र बनवतानाच सांगावा. ते मरायला टेकल्यावर नाही.

शीट मी काढून घेतली आहे. गोष्टीतल्या काळाप्रमाणे फायटरला मरून दोन दिवस झालेत, आणि रेझ डेडची मुदत १० दिवसांची आहे. आमच्या क्लेरिकला ते स्पेल अजून येत नाही, म्हणजे एखाद्या देवळातला मोठा पुजारी गाठावा लागेल. आणि ५०० सुवर्णनाण्यांचा हिरा.