डॉक्टर-सिस्टरांना पिस्तुलाचा परवाना : या अर्जावर मी सही का करणार नाही

आमच्या सिस्टरांच्या ग्रुपवर सध्या एक अर्ज फिरतोय. सरकारी रुग्णालयांतले डॉक्टर, नर्सेस आणि टेक्निशियन यांना शस्त्रपरवाना प्राधान्याने द्यावा आणि ड्यूटीवर पिस्तूल बाळगायची मुभा द्यावी, अशी मागणी आहे त्यात. खाली सह्यांची भलीमोठी यादी. माझ्या ओळखीच्या, माझ्यासोबत नाइट ड्यूटी केलेल्या मुलींची नावंही आहेत. मलाही तीन-चार जणींनी पाठवला. प्रत्येकीला वेगळं उत्तर देण्यापेक्षा इथेच सविस्तर लिहिते.

आधी हे सांगते की राग मला कळतो. कॅज्युअल्टीत रात्र काढलेल्या प्रत्येकीला तो कळतो. मार्च 2017 मध्ये धुळ्यात एका तरुण निवासी डॉक्टरला नातेवाइकांच्या जमावाने इतकं मारलं की त्याच्या एका डोळ्याची दृष्टी गेली. न्यूरोसर्जन तिथे उपलब्ध नव्हता, एवढंच कारण. पदं भरणं त्या मुलाच्या हातात होतं का? राज्यभरचे निवासी डॉक्टर सामूहिक रजेवर गेले, कोर्टात प्रकरण गेलं, मग रुग्णालयांच्या दारात सुरक्षा महामंडळाचे जवान दिसायला लागले. कायदा तर त्याही आधीपासून होता. 2010 चा महाराष्ट्राचा कायदा आहे, त्यात वैद्यकीय कर्मचाऱ्यावर हात उगारला तर तीन वर्षांपर्यंत कैद, 50 हजारांपर्यंत दंड, गुन्हा अजामीनपात्र, मोडतोड केली तर दुप्पट भरपाई. फक्त डॉक्टर नाही, नर्सही त्यात येते. तरी दर आठ-पंधरा दिवसांनी कुठून तरी मारहाणीची बातमी येतेच. त्यामुळे "आता आमचं आम्हीच बघतो" असं कुणी म्हटलं तर मी तिला वेडी म्हणणार नाही.

पण पिस्तूल? ते ठेवणार कुठे, हे एकदा नीट डोळ्यांसमोर आणा. गणवेशाच्या खिशात कात्री, पेन, मायक्रोपोरची चिकटपट्टी, नार्कोटिकच्या कपाटाची किल्ली. रात्री दोनला पेशंटचं हृदय बंद पडतं, तुम्ही स्टुलावर चढून सीपीआर देताय, दोन्ही हात त्याच्या छातीवर, ग्लोव्हज रक्ताने माखलेले. वॉर्डबॉय मामा ऑक्सिजनचा सिलिंडर ढकलत आणतायत, आया मावशी पडदा ओढतायत, इंटर्न अॅड्रिनलिन भरतोय. नातेवाईक तुमच्या अगदी पाठीला लागून उभे, हातभरही अंतर नाही. मारहाण इथून सुरू होते, मागून. केस धरले जातात, ओढणी किंवा स्टेथोस्कोप गळ्यात आवळला जातो. कमरेचं पिस्तूल आधी तुमच्या हातात येईल की मागच्याच्या? आणि आलंच तुमच्या हातात, तर गोळी कुठे झाडणार? पलीकडच्या खाटेवर कुणाची तरी आजी आहे, सलाईन लावलेली.

मग काही जणी म्हणतात, अंगावर नको, लॉकरमध्ये ठेवू. फेब्रुवारी 2024 मध्ये दहिसरला माजी नगरसेवक अभिषेक घोसाळकरांची हत्या झाली, फेसबुक लाइव्ह चालू असताना. मॉरिस नोरोन्हाने आपल्याच ऑफिसात बोलावून गोळ्या घातल्या आणि मग स्वतःलाही संपवलं. ते पिस्तूल त्याच्या बॉडीगार्डचं होतं, परवान्याचं होतं. परवाना देताना माणूस तपासतात, पण कामाच्या जागी ठेवलेली वस्तू उद्या कुणाच्या हाती पडेल ते कोण तपासणार? आमच्या ड्यूटीरूमच्या लॉकरची किल्ली किती जणींकडे असते ते आम्हाला माहीत आहे.

प्रशिक्षण दिलं की झालं, हाही एक मुद्दा अर्जात आहे. 31 जुलै 2023 ची पहाट आठवा. जयपूर-मुंबई एक्स्प्रेस, पालघरजवळ. रेल्वे सुरक्षा दलाच्या ड्यूटीवरच्या कॉन्स्टेबलने सरकारी रायफलमधून आधी स्वतःच्या वरिष्ठाला आणि मग डब्याडब्यांत जाऊन तीन प्रवाशांना मारल्याचा आरोप आहे. तो प्रशिक्षित होता, गणवेशात होता, शस्त्र त्याला कामासाठीच दिलेलं होतं. सलग नाइट, अपुरी झोप, वरून साहेबाची बोलणी, घरची काळजी हे सगळं आमच्याही वाट्याला रोज येतं. वॉर्डात दोन सहकाऱ्यांची भांडणं किती विकोपाला जातात ते मी पाहिलं आहे. तिथे कुणाच्याही कमरेला पिस्तूल नव्हतं म्हणून दुसऱ्या दिवशी हँडओव्हर घेताना त्या दोघी पुन्हा एकमेकींशी बोलल्या.

अमेरिकेचा दाखला तर सगळेच देतात. तिथे माणूस कामावर बंदूक नेतो, मग आपण का नाही? तिथे काय आहे तेही नीट सांगायला हवं. बहुतेक ठिकाणी कंपनी आपल्या इमारतीत बंदुकीला मनाई करू शकते. वाद आहे तो पार्किंगचा. ओक्लाहोमा राज्याने 2004 मध्ये कायदा केला की कर्मचाऱ्याच्या बंद गाडीत बंदूक असेल तर मालकाने हरकत घ्यायची नाही. कंपन्या कोर्टात गेल्या, 2009 मध्ये अपिलात हरल्या. पुढे फ्लोरिडा, टेक्सास अशा राज्यांतही तसेच कायदे आहेत. आणि त्याच ओक्लाहोमात, तुल्सा शहरात, 1 जून 2022 ला पाठीच्या ऑपरेशननंतर दुखणं थांबेना म्हणून चिडलेला एक पेशंट रुग्णालयाच्या आवारात शिरला आणि आपल्या सर्जनसह चार जणांना मारून त्याने स्वतःला गोळी घातली. त्यातली रायफल त्याने त्याच दिवशी दुपारी दुकानातून विकत घेतली होती. बंदूक मिळणं सोपं झालं की ती डॉक्टरला जितकी सोपी, तितकीच नातेवाइकालाही सोपी. आज आमच्यावर हात, खुर्ची, फार तर सलाईनचा स्टँड उगारला जातो. उद्या काय उगारलं जाईल?

आपल्या महाराष्ट्रात परवान्याचं पिस्तूल कुणाच्या कमरेला असतं तेही बघा. मस्साजोगच्या सरपंचांच्या हत्येनंतर एकट्या बीड जिल्ह्यात बाराशेहून अधिक शस्त्रपरवाने असल्याचं समोर आलं, मग प्रशासनाने त्यातले कितीतरी रद्द केले. ते परवाने नर्सांचे नव्हते. उल्हासनगरच्या हिललाइन पोलीस ठाण्यात 2 फेब्रुवारी 2024 ला तेव्हाचे भाजप आमदार गणपत गायकवाड यांनी शिंदे गटाचे महेश गायकवाड यांच्यावर गोळ्या झाडल्या, तेही पोलीस अधिकाऱ्याच्या केबिनमध्ये, आणि वाहिनीला सांगितलं की स्वसंरक्षणासाठी झाडल्या. खटला कोर्टात आहे, निकाल कोर्ट देईल. पण पोलीस ठाण्यातही स्वसंरक्षणाचं कारण पुढे येऊ शकतं, तर कॅज्युअल्टीत किती सहज येईल? परवाने खुले झाले तर रांगेत पहिला नंबर आमचा नसणार. कानपूरच्या सरकारी कारखान्याने 2014 मध्ये खास महिलांसाठी 'निर्भीक' नावाचं रिव्हॉल्व्हर काढलं होतं, त्याची किंमत सव्वा लाखाच्या घरात होती. कंत्राटी सिस्टरचा महिन्याचा पगार काय असतो ते तुम्हाला माहीत आहे.

आता मला खरं जे सांगायचं आहे ते. स्वसंरक्षणाचा हक्क मागायची आपल्याला गरज नाही, तो कायद्याने आधीच दिलेला आहे. पूर्वी भारतीय दंड संहितेत कलम 96 ते 106 होती, 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेत कलम 34 ते 44 आहेत. स्वतःच्या शरीराचं रक्षण करताना केलेली कृती गुन्हा ठरत नाही. दुसऱ्याच्या शरीराचंही रक्षण करता येतं, म्हणजे तुमच्या पेशंटला कुणी मारायला धावला तर त्यालाही अडवता येतं. हल्ला करणारा दारूच्या नशेत असला किंवा त्याचं डोकं ठिकाणावर नसलं तरी हा हक्क कमी होत नाही, कलम 36 वाचा. आमच्याकडे रात्री येणाऱ्यांत असे किती असतात! जीव जाईल, गंभीर दुखापत होईल, बलात्कार होईल किंवा अंगावर अॅसिड पडेल अशी रास्त भीती असेल तर कलम 38 प्रमाणे हा हक्क समोरच्याचा जीव जाण्यापर्यंतही पोचतो. अट एवढीच की गरजेपेक्षा जास्त इजा करायची नाही, आणि पोलिसांची मदत घ्यायला वेळ असेल तर आधी ती घ्यायची. पण जीव वाचवताना माणसाने प्रत्येक फटका तोळ्या-माशाने मोजावा अशी अपेक्षा ठेवता येणार नाही, हेही आपल्या न्यायालयांनी वेळोवेळी सांगितलं आहे.

हे सगळं कायद्यात आहे. आणि आमच्या ऑफिसात काय होतं ते ऐका.

काही वर्षांपूर्वी मी ज्या रुग्णालयात होते तिथे एका ज्युनिअर सिस्टरला नाइटला एका माणसाने भिंतीला दाबून धरलं. त्याचा भाऊ आणला तेव्हाच गेलेला होता. हा पिऊन आलेला, सोबत सात-आठ जण. त्याचा हात तिच्या गळ्यावर होता. तिच्या हाताशी ट्रॉलीवर किडनी ट्रे होता, स्टीलचा, जड. तिने तो त्याच्या तोंडावर मारला. भुवईपाशी फुटलं, त्याने हात सोडला, ती इंजेक्शन रूममध्ये पळाली आणि आतून टेबल लावून बसली. दारावर लाथा पडत होत्या. सिक्युरिटीचा एकच माणूस, तो गेटवर. पोलीस आले तोपर्यंत सगळं शांत झालं होतं. त्याच माणसाच्या भुवईला टाके आमच्याच इंटर्नने घातले.

तिसऱ्या दिवशी तिला कारणे दाखवा नोटीस आली. विषय : रुग्णाच्या नातेवाइकाशी गैरवर्तन. तिच्या गळ्यावर वळ होते, ते कुणी नोंदवले नव्हते. तिची तपासणी करून एमएलसी, म्हणजे पोलीस प्रकरणासाठीची वैद्यकीय नोंद, करावी असं रुग्णालयात कुणालाच सुचलं नाही. वरून सल्ला मिळाला की माफीचं पत्र लिहून दे, प्रकरण मिटेल, तो माणूस कुठल्याशा नगरसेवकाचा आहे. ती लिहायलाही बसली होती. आम्ही दोघी-तिघी सीनिअर तिच्याबरोबर बसलो आणि उत्तर तयार केलं. माफीचा शब्दही न घालता वेळ, जागा, ट्रॉली कुठे होती, दार कुठे होतं, हात कुठे होता हे लिहिलं, आणि खाली तेव्हाची कलमं 96, 97, 98. नोटीस पुढे सरकली नाही, दफ्तरी दाखल झाली. पण त्या मुलीने पुढच्या सहा महिन्यांत नोकरी सोडली. तिला त्या रात्रीचा धक्का होताच, पण नोटीस तिला जास्त लागली. "मारणारा परका होता हो, ही आपलीच माणसं होती," असं ती म्हणाली होती.

म्हणून मला हा अर्ज पटत नाही. पिस्तूल मागून आपण रुग्णालयाला मोकळं करतो. उद्या काही झालं की साहेब म्हणणार, तुम्हाला परवाना दिला होता ना, मग? दार, दिवा, कडी, माणसं पुरवणं हे ज्याचं काम आहे त्याची जबाबदारी आपणच आपल्या कमरेला बांधून घेतोय.

कडीचं मुद्दाम लिहिलं. 9 ऑगस्ट 2024 ला कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयात आपली ती डॉक्टर मुलगी सलग 36 तासांच्या ड्यूटीत विसाव्यासाठी सेमिनार रूममध्ये जाऊन झोपली होती, आणि तिथेच तिच्यावर अत्याचार करून तिला मारलं. जन्मठेप झाली ती पोलिसांच्याच एका स्वयंसेवकाला. निजायला आतून कडी लागणारी एक खोली हवी होती. अरुणा शानभाग 27 नोव्हेंबर 1973 ला केईएमच्या तळघरात कपडे बदलायला गेली होती, हल्ला करणारा तिथलाच सफाई कामगार होता, मागून आला, कुत्र्याची साखळी गळ्याला आवळली. 18 मे 2015 ला मृत्यू येईपर्यंत ती त्याच रुग्णालयात अंथरुणावर होती आणि आमच्याच सिस्टरांच्या पिढ्यांनी तिचं सगळं केलं. पर्समधल्या पिस्तुलाने या दोघींचं काय झालं असतं? झोपलेल्या आणि पाठमोऱ्या बाईला शस्त्राचा उपयोग नसतो. आणि कर्मचाऱ्यांना शस्त्र बाळगू द्यायचं तर ते सगळ्याच कर्मचाऱ्यांना मिळतं, हेही विसरू नका. आजही जुन्या इमारतींत नर्सांची चेंजिंग रूम कुठे असते ते जाऊन बघा.

ज्या अर्जावर मी सही करेन त्यात या गोष्टी हव्यात. हल्ला झाला की गुन्हा रुग्णालयाने स्वतःच्या नावाने नोंदवायचा, मार खाल्लेल्या मुलीला रात्री पोलीस ठाण्यात बसवायचं नाही. ऑगस्ट 2024 मध्ये केंद्राने आपल्या रुग्णालयांना हेच सांगितलं, संस्थाप्रमुखाने जास्तीत जास्त सहा तासांत गुन्हा नोंदवायचा. तो नियम आपल्या प्रत्येक जिल्हा आणि ग्रामीण रुग्णालयाला लागू करा आणि प्रमुखाला त्यासाठी जबाबदार धरा. स्वसंरक्षणात हात उचललेल्या कर्मचाऱ्याला चौकशीआधी नोटीस देऊ नका, तिची एमएलसी त्याच तासात करा, वकील रुग्णालयाने द्या. कॅज्युअल्टीच्या आतल्या दारावर रात्री दोन जवान हवेत, त्यांतली एक बाई. पेशंटमागे दोनच नातेवाईक आत. ड्यूटीरूमला आतून कडी. आणि भरतीची जाहिरात, कारण एका सिस्टरकडे पन्नास-साठ पेशंट असले की कुणाचं तरी सलाईन संपलेलं राहणार, आणि भांडण तिथूनच पेटतं.

नवीन मुलींच्या ट्रेनिंगमध्ये ही कलमंही शिकवा. इंडक्शनला हात धुण्याच्या पायऱ्या शिकवतो, बायोमेडिकल वेस्टच्या पिशव्यांचे रंग शिकवतो. कलम 34 ते 44 मराठीत सांगायला एक तास पुरे.

त्या नोटिशीला आम्ही दिलेल्या उत्तराचा मसुदा माझ्याकडे आहे. कलमांचे आकडे नव्या कायद्याप्रमाणे बदलून ठेवलेत. कुणालाही अशी नोटीस आली असेल तर माफीचं पत्र लिहायच्या आधी इनबॉक्समध्ये या, नाव गुप्त राहील. आणि अर्ज फिरवणाऱ्या मैत्रिणींनो, मागणी बदलून पाठवा, माझ्या वॉर्डातल्या सह्या मी स्वतः गोळा करून आणते.