माझ्या बाटलीचं तीर्थ

पन्नाशी उलटल्यावर हनुवटीवर पुटकुळ्या येणं हाच मुळात अपमान. त्यात मानेवर घामोळ्या. वैशाखातल्या जळगावात हे काही नवल नाही, पण भाचीने फोनवर फोटो पाहिला आणि फर्मान काढलं, "मामा, टी ट्री फ्लोरल वॉटर घे." म्हणजे टी ट्री नावाच्या झाडाचं, तोंडावर फवारायचं वासाचं पाणी. घेतलं. १०० मिलीची बाटली, ३८० रुपये. दुकानातल्या मुलीने माझ्या हनुवटीकडे इतक्या दयेने पाहिलं, की घासाघीस करायची हिंमतच झाली नाही. तिथून थेट स्टँड गाठला आणि अमळनेरची गाडी पकडली.

सखाराम महाराजांच्या यात्रेचे दिवस. अमळनेरला एकादशीला रथ, पौर्णिमेला पालखी. त्यामुळे गाडीत पाय ठेवायला जागा नाही. मला तिघांच्या बाकावर मधली जागा मिळाली. बांभोरीच्या अलीकडे गिरणेच्या पुलावर गाडी अडकली ती अडकलीच. पत्रा तापलेला, वारा बंद, घाम कानामागून शर्टात. मी पिशवीतून बाटली काढली, डोळे मिटले आणि तोंडावर दोन फवारे मारले. निलगिरीच्या जवळ जाणारा, जरा औषधी वास पसरला. बरं वाटलं, खोटं का बोलू?

"हाई काय शे रे भो?"

खिडकीकडे नऊवारीतल्या, अहिराणी बोलणाऱ्या एक आजी, मांडीवर नातू. कंडक्टरला आधार कार्ड दाखवून पंचाहत्तरीपुढचं फुकटचं तिकीट घेतलेल्या. मी पूर्ण भाडं भरलेला. तरी गाडीची मालकी कोणाची हे पहिल्या प्रश्नातच कळलं.

"माय, घामोळ्याचं औषध आहे," मी म्हटलं. हे वाक्य मी गिळायला हवं होतं. आजींनी नातवाचा सदरा वर केला. पाठ घामोळ्यांनी लाल. आता लहान लेकरासमोर बाटली पिशवीत घालायची तर आपण माणसात नाही. मी एक फवारा मारला. पोरगं खुदकन हसलं. आजींनी माझ्या हातातली बाटली काढून घेतली, अगदी सहज, आणि मग ती अमळनेरपर्यंत माझ्याकडे आलीच नाही.

आधी नातवाची उरलेली पाठ. मग स्वतःच्या टाचांच्या भेगा. मग गुडघा.

"माय, गुडघ्याला नाही चालत ते. त्वचेसाठी आहे."

"गुडघाले कातडी नही का?"

यावर काय बोलणार? मागच्या बाकावरचा एक तरुण पुढे वाकून म्हणाला, "काका, गजकर्णावर चालतं का?" मी म्हटलं, डॉक्टरला दाखव. आजींनी माझ्याकडे न बघता त्याच्या मनगटावर फवारा मारला. पुढच्या बाकावर एक मुलगी होती, गालावर मुरमं. आजींनी तिला हाक मारून मागे वळवलं, "लगीन शे तिनं," असं मला समजावलं आणि त्या अनोळखी मुलीच्या तोंडावर मनसोक्त पाणी उडवलं. लग्न खरंच ठरलंय की आजींनी नुसतं ठरवून टाकलंय हे शेवटपर्यंत कळलं नाही. मुलगी लाजली, म्हणजे असेलही. "डोळे मिट, डोळे मिट," मी ओरडत होतो. ऐकतंय कोण? कोणीतरी तर कपाळावर घेऊन हातही जोडले. यात्रेची गाडी, फवारा म्हणजे तीर्थच.

मग आजींनी बाटलीचं नाक हुंगलं आणि विचारलं, "पेवाले चालस का?"

मी अक्षरशः उभा राहिलो. अजिबात नाही! या टी ट्रीच्या झाडाचं तेल पोटात गेलं तर विष आहे. माणूस गुंगतो, चालताना झोक जातात, लहान मुलांना तर फारच धोका. मांजराकुत्र्यांनाही ते बाधतं. या पाण्यात तेलाचा अंश अगदी थोडा असतो, तरी पिण्याचं नव्हे ते नव्हेच. हे सगळं मी एका दमात सांगितलं. गाडी गप्प झाली. आजी म्हणाल्या, "मंग कसानं पानी हाई!" आणि माझ्या बाटलीचा औषध म्हणून असलेला मान तिथेच संपला.

आता कसलं पाणी ते सांगायला मी काही अडाणी नाही, रात्रभर वाचलं होतं. झाड ऑस्ट्रेलियातलं, न्यू साउथ वेल्स आणि क्वीन्सलँडच्या दलदलीच्या पट्ट्यातलं. आपल्या चहाशी काडीचाही संबंध नाही. कूळ आहे जांभूळ, पेरू, लवंग आणि निलगिरीचं. तिथले मूळचे बुंजालुंग लोक याचा पाला चेचून जखमेवर लावत. १९२० च्या दशकात सिडनीच्या आर्थर पेनफोल्ड या रसायनतज्ज्ञाने तेलाचे जंतुनाशक गुण मांडले. पाला आणि कोवळ्या फांद्या भट्टीत भरायच्या, खालून वाफ सोडायची, वाफ थंड केली की वर तेल तरंगतं, खाली पाणी राहतं. ते खालचं पाणी म्हणजे माझे ३८० रुपये. फुलाचा त्यात पत्ता नाही, सगळा पाल्याचाच कारभार.

हे सगळं आजींना सांगितलं. त्यांनी फक्त जांभूळ आणि पेरू एवढंच ऐकलं. "आमनाकडे दोन्ही शे. घर जाईसन पाला उकाळी लेसू." शेजारच्या बाया माना डोलवू लागल्या. एकीने कडुनिंबाचं नाव काढलं आणि ऑस्ट्रेलिया तिथल्या तिथे हरली.

मला राग आला तो इथे. आजींचा नव्हे, बाटलीचा. बाटलीवर काय नाही? मुरमं, कोंडा, डास चावणं, पायाचा वास, दाढीनंतरची आग, शिवाय खोलीत फवारा म्हणून. आणि आधार कशाचा? १९९० साली ऑस्ट्रेलियात १२४ मुरमांच्या रुग्णांवर चाचणी झाली, ती ५ टक्के तेलाच्या जेलची. समोर होतं बेंझॉइल पेरॉक्साइड, मुरमांवरचं नेहमीचं औषध. दोन्हींनी फरक पडला. तेल हळू चाललं, पण त्रास कमी दिला. हे तेलाचं कर्तृत्व! त्यातला कामाचा घटक, टर्पिनेन-४-ऑल, बहुतेक तेलाबरोबर वर जातो. खालच्या पाण्यात उरतो तो वास आणि थोडासा अंश. मामाने कुस्ती मारावी आणि भाच्याने फेटा बांधून मिरवणूक काढावी, तसला हा प्रकार. गारवा मिळतो, तेलकट चेहरा पुसायला बरं, काहींना खाज कमी वाटते. एवढं लिहिलं असतं तर मी भांडलो नसतो. पण एवढ्याला ३८० कोण देईल?

आणखी एक. बाटलीवर बारीक अक्षरात, 'थंड व कोरड्या जागी, सूर्यप्रकाशापासून दूर ठेवा'. वैशाखात जळगाव ते अमळनेर दरम्यान ती जागा दाखवा, मी तिथे स्वतः जाऊन बसतो. या पाण्यात टिकवणारं काही घातलेलं नसेल तर त्यात जंतू वाढू शकतात, म्हणून ते फ्रिजमध्ये ठेवायचं. म्हणजे जंतू मारायला आणलेल्या पाण्याला जंतूंपासून मीच जपायचं. आमच्याकडे फ्रिज चालतो तो विजेवर, आणि वीज उन्हाळ्यात कधी असते हे मी लिहीत बसलो तर हा लेख संपायचा नाही.

धरणगाव सोडल्यावर कंडक्टर आला. त्याने मान पुढे केली, आजींनी उरलेलं सगळं त्याच्या मानेवर रिकामं केलं. तो खूश. "काका, कितीला पडलं?"

मी हळूच आकडा सांगितला. हळू सांगून उपयोग काय? आजींच्या कानाला पंचाहत्तरी लागलेली नव्हती.

"पानीले तीनशेऐंशी?" त्यांनी पूर्ण गाडीला ऐकू जाईल असं विचारलं. मग माझ्याकडे वळून, खऱ्या काळजीने, "डोकं ठिकाने शे ना तुनं?"

गाडी हसली. ज्यांनी मघाशी कपाळावर घेऊन हात जोडले होते तेही हसले. लग्न ठरलेली ती मुलगी पदरात हसली. फुकट फवारे घेताना यातल्या एकानेही भाव विचारला नव्हता, हे मी नोंदवून ठेवतो.

घामोळ्यांचं म्हणाल तर त्वचेच्या डॉक्टरांनी फीच्या पावतीसकट सल्ला दिला: सैल सुती सदरा, गार पाण्याने अंघोळ, पंखा, खाज फार असेल तर कॅलामाइन. कॅलामाइनची बाटली बरीच स्वस्त पडली. ती मी घरातून बाहेर काढत नाही. भाचीने विचारलं, "मामा, फरक पडला का?" म्हटलं, तुझ्या त्या पाण्याने अख्ख्या गाडीला फरक पडला असेल, मला विचारू नको.

अमळनेरला उतरताना आजींनी रिकामी बाटली प्रामाणिकपणे परत केली. फवाऱ्याचं टोपण मात्र नातवाने मुठीत धरलं होतं. मागितलं तर त्याने भोकाड पसरलं, आणि आजी म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे ना रे, पोर शे." आता बाटलीत साधं पाणी भरून फवारायचीही सोय राहिली नाही.